समुद्रावरची पाहुणी

वेणू,

तुझा तांब्या समोरच्या सुरूच्या झाडाला टांगला आहे. अस्थी घरात आणत नाहीत हे मी तुला सांगायला नको. आपल्या दारातल्या उंबराला परगावच्या यजमानांचे तांबे टांगलेले असायचे आणि तू सडा घालताना त्यांच्याखालून वाकून जायचीस. इथे जागा शोधत होतो, तर हॉटेलच्या रुस्तमजींनी स्वतः शिडी आणून फांदी दाखवली. वारा आहे. तांब्या हलला की मी वर बघतो. सकाळपासून माझं एवढंच चाललं आहे.

मी त्याच व्हरांड्यात बसलो आहे. वेताची आरामखुर्ची तीच, फक्त बैठक नवी विणली आहे. तू गेल्याला अजून महिनाही झाला नाही. तेरावं उरकलं, घरी जमलेली माणसं आपापल्या गावी गेली, आणि मी तुला घेऊन गाडीत बसलो. खिडकीजवळची जागा तुला दिली. शेजारच्या माणसाने विचारलं, तांब्यात गंगाजळ का? मी म्हटलं, नाही, घरची मंडळी. तो बिचारा कल्याणपर्यंत अंग चोरून बसला.

आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण दोघंच असे कुठे गेलो ते एकदाच, इथेच. नाताळच्या सुट्टीतले ते चार दिवस. आपल्या घराला सुट्टी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. आपण नाशिकचे उपाध्ये. वऱ्हाडातून, खानदेशातून, गुजराथेतून माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर येणार, आपल्याच घरी उतरणार, दादांनी आणि मी त्यांना घाटावर न्यायचं, आणि त्यांचं जेवणखाण, अंथरूण-पांघरूण, रडणं-भेकणं सगळं तुझ्या आणि वहिनींच्या पदरात. गाडी अवेळी आली तर तू आपल्या अंगाखालची सतरंजी काढून द्यायचीस. दादा अभिमानाने म्हणायचे, "सगळं जग आपल्या दारात येतं, आपल्याला कुठे जायची काय गरज?" तू आतून पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "दार कुठे जाणार? दार तिथंच असतं." दादांना ते ऐकू जायचं. ते खाकरायचे आणि पंचांग उघडायचे.

ते आमंत्रण आलं तेसुद्धा माझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे. सुरतेच्या त्या शेठाणी सासूच्या अस्थी घेऊन आल्या आणि आपल्या माजघरात तापाने आडव्या पडल्या. त्यांचा नवरा घाबरून गेला होता. तू त्यांचं सगळं केलंस, आईने करावं तसं. त्यांना निरोप द्यायला तू टांग्यापर्यंत गेलीस तेव्हा तुझा हात धरून त्या म्हणाल्या, "बेन, आता तुम्ही माझ्याकडे यायचं. मी तुम्हाला पाहुणी करणार." आपल्याला वाटलं, जाताना सगळेच असं बोलतात. पण शेठजींची या हॉटेलात भागी होती, आणि शेठाणी शब्दाच्या पक्क्या निघाल्या.

दादा कडाडले होते. "हॉटेलात? जिथे साहेब लोक नाही नाही ते खातात?" तू दाराआड उभी होतीस. थोरल्या दिरांशी तू कधी तोंड वर करून बोलली नव्हतीस. त्या दिवशी दाराआडूनच मला म्हणालीस, "थोरल्या भावोजींना म्हणावं, ते खाऊ देत त्यांचं. आपला शिधा आपण नेऊ, शेगडी नेऊ, पाणीसुद्धा आपल्या गोदागंगेचं नेऊ. नुसतं बघायला तर काही विटाळ नाही ना?" मी मध्ये बसून निरोप्याचं काम करत होतो. दादा मला म्हणाले, "तिला म्हणावं, समुद्र म्हणजे खारं पाणी. त्यात बघण्यासारखं काय?" तू म्हणालीस, "ते बघून आल्यावर सांगते." वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या कुसुमला मी सांभाळते, जा तुम्ही. झालं. सरकारी हुकूमही वहिनींच्या शब्दापुढे चालत नसे.

किती सामान घेतलं होतंस तू. भाजणी, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, कळशीभर गंगा. टांगेवाल्याने विचारलं, लेकीचं बाळंतपण आहे का. इथे उतरलो तर दारात रुस्तमजी, काळी टोपी, पांढरा डगला. त्यांनी नाव विचारलं. मी माझं सांगितलं. मग ते तुझ्याकडे वळले. आपल्या घरात तुला नावाने कोण हाक मारणार? लग्नात आम्ही ठेवलेलं जानकी हे नाव फक्त संकल्पात यायचं. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "वेणू." माहेरचं नाव. मी बघतच राहिलो. त्या चार दिवसांत मीही तुला वेणू म्हणालो, आधी चाचरत, मग सारखा. नाशिकरोडला उतरलो आणि ते नाव तिथेच फलाटावर राहिलं. आता मात्र मी ते सोडणार नाही.

या हॉटेलचा इतिहास रुस्तमजींनी आपल्याला रोज सांगितला. एका गोऱ्या कप्तानाचं जहाज समोरच्या खडकावर फुटलं, त्याने त्याच्या लाकडांतून हा जिना केला, हे घर बांधलं, आणि जहाजावरची घंटा जेवणघरात टांगली. दर वेळी कप्तान थोडा म्हातारा व्हायचा आणि वादळ थोडं मोठं. घंटा मात्र खरी. जेवायच्या वेळी ती घणाणली की तुझे हात आपोआप जोडले जायचे. तिकडे साहेब लोक नॅपकिन पसरतायत आणि इकडे तू डोळे मिटून नमस्कार करतेयस. मी सांगितलं, अगं, देऊळ नाही ते. तू म्हणालीस, "घंटेला काय माहीत?"

माझीही फजिती तू विसरली नसशील. आपण असेच इथे बसलो होतो आणि दारात गाडी थांबली. नाशिकरोडच्या फलाटावर आयुष्य गेलं माझं. माणूस गाडीतून उतरला की पुढे व्हायचं, गाव कोणतं, नाव काय विचारायचं, म्हणजे कोणाचे यजमान ते कळतं. पाय आपोआप उठले. मी सरळ त्या उतरणाऱ्या साहेबापुढे जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "कुठले आपण? नाव काय?" त्याने काहीतरी सांगितलं, आपली हॅट माझ्या हातात दिली, मडमेची छत्रीही दिली आणि आत निघून गेला. मी हॅट आणि छत्री घेऊन उभा. तू तोंडात पदराचा बोळा कोंबला होतास आणि तुझे खांदे गदगदत होते. रुस्तमजी म्हणाले, "भटजी, नोकरी पायजे तर बोला नी." पुढे वर्षानुवर्षं, मी फार शहाणपणा करायला लागलो की तू हळूच म्हणायचीस, "अहो, हॅट धरा."

आणि तुझी ती पहिली सकाळ. मला गदागदा हलवून उठवलंस. "अहो, उठा, पाणी आटलं." मी धडपडत बाहेर आलो. काल पायरीशी आलेला समुद्र पार लांब गेला होता, मधे नुसती ओली वाळू. तुझा चेहरा उतरला होता, जणू आपण आलो आणि आपल्या पायगुणानेच ते झालं. आपल्याला नदी ठाऊक. ती चढते, उतरते, पण गेलेलं पाणी परत येत नाही. मी ओहोटी शास्त्राने समजावून सांगायला लागलो, आणि मला स्वतःलाच ती नीट माहीत नव्हती. तू तिथेच बसून राहिलीस. जेवायलाही आली नाहीस. पाणी परत पायरीशी आलं तेव्हा मला म्हणालीस, "हे बरं आहे. जातं ते येतं."

पण तुला पाहुणी होणं काही जमेना. इथला गडी खोली झाडायला यायचा तेव्हा खोली झाडलेली, चादरी घड्या घालून ठेवलेल्या, पाणी भरलेलं. त्याने हात जोडले, "बाई, माझी भाकरी खाऊ नका." व्हरांड्यात शेगडीवर थालीपीठ लावलंस तर वासाने शेजारची मडम दारात. तू तिला पानावर वाढलंस, वर लोण्याचा गोळा. मग तिचा नवरा आला. मी म्हटलं, वेणू, आपण नाशिक सोडून आलो का नाशिक बरोबर घेऊन आलो? शेवटी रुस्तमजीच तुला म्हणाले, "बाई, मेहमान होयाला बी शिकायला लागते. तुमी बसा. फक्त बसा."

शेवटच्या दिवशी तू बसलीस. या खुर्चीत, पाय वर घेऊन. गड्याने चहाचा ट्रे आणला. तो चहा हॉटेलच्या स्वयंपाकघरातला, तो कप कोणाकोणाच्या तोंडचा. मी नको म्हणणार होतो. तू कप उचललास. एक घोट घेऊन म्हणालीस, "मला कुणी चहा करून आणून दिला, असं आठवतच नाही." मग मीही प्यालो. घरी गेल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं आपलं ठरलं होतं. ते राहूनच गेलं, आणि राहिलं ते बरं झालं. इतका गोड चहा मी पुन्हा प्यालो नाही.

त्याच चहावर तू बोललीस. अगदी सहज, उद्या भाजी कोणती करू विचारावं तसं. "मी तुमच्या आधी गेले तर माझ्या अस्थी इथे आणा."

मला आधी हसू आलं, मग राग. म्हटलं, अगं, लोक अर्धा देश ओलांडून रामकुंडावर येतात आणि तू कुंडाच्या काठावरची, तुला ते चालेना? तू म्हणालीस, "त्यांना ते तीर्थ आहे. मला ते घर आहे. रोज तिथं धुणं धुते, भांडी घासते, लोकांच्या बायकांना सावरते. मेल्यावरही तिथंच राहिले तर कुणीतरी काम सांगेल. मला एकदा पाहुणी म्हणून राहायचंय."

वादात मी कधी हटलो नाही. म्हटलं, गंगा शेवटी समुद्रालाच मिळते, कुंडातून तू आपोआप समुद्रात जाशील. तू उठलीस, माझा हात धरून आतल्या हॉलमध्ये नेलंस. तिथे कप्तानाच्या वेळचा हिंदुस्थानचा नकाशा भिंतीवर होता. अजून आहे. "नाशिक कुठे?" मी दाखवलं. "हा समुद्र?" बोटाच्या पेराएवढं अंतर. "आणि आपली गंगा कुठे जाते?" तूच बोट फिरवलंस, नाशिकवरून पैठण, तिथून पुढे, पुढे, सगळा देश ओलांडून पलीकडच्या समुद्राला. राजमहेंद्रीचे यजमान आपल्याकडे उतरले होते, त्यांनी तुला सगळं सांगितलं होतं. "एवढा जवळ हा समुद्र, आणि बाई त्याला पाठ दाखवून चालत सुटली," तू म्हणालीस. "माझे गुडघे दुखतात हो. मला एवढं चालवणार नाही."

मी म्हटलं, "बघू."

तुला हा शब्द मुळीच आवडत नसे. कुसुमच्या शाळेचं विचारलंस, मी बघू म्हटलं. माजघराला खिडकी पाडू या म्हणालीस, मी बघू म्हटलं. शाळा झाली, खिडकीही झाली, दोन्ही तुझ्या हट्टाने. हे एक राहिलं. दर नाताळात तू एकदा विचारायचीस, "बघितलं का?" मी चष्मा पुसायचो. आपलं भांडण असं मुरत गेलं, लोणच्यासारखं, आणि खरं सांगतो, मला त्याची गोडी लागली होती. मला वाटायचं, हे भांडण आहे तोवर तू कुठे जात नाहीस.

शेवटच्या दुखण्यात तापाने तुझा आवाज गेला होता. खोलीत दादा, वहिनी, कुसुम, वैद्य. तू मला खुणेने जवळ बोलावलंस. मी वाकलो. मला वाटलं पाणी हवं असेल. तू म्हणालीस, "अजून बघताच आहात?" आणि तुझ्या डोळ्यांत तेच हसू, हॅट धरा म्हणतानाचं. मला हो म्हणायचं होतं. मी नुसती तुझी उशी सारखी केली. वैद्यांनी मला बाजूला केलं. त्यानंतर तू शुद्धीवर आली नाहीस. दोन अक्षरंही नाहीत त्या शब्दात, वेणू, आणि तेवढं मला जमलं नाही.

अस्थी गोळा केल्या त्या दिवशी मी दादांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच मला भय वाटलं. हळू आवाजात म्हणाले, "अरे, आपण दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की यासारखं तीर्थ नाही? उपाध्याच्या घरची बाई आणि अस्थी आगगाडीने बाहेर. उद्या एकही यजमान आपल्या दारात उभा राहणार नाही. कुसुमचं लग्न व्हायचंय." ते चुकीचं बोलत नव्हते. घाटावर कुजबूज आधीच सुरू झाली होती. आपलं घर त्या एका विश्वासावर उभं आहे. मी दोन दिवस जेवलो नाही, आणि तूही मधे पडायला नव्हतीस.

दहाव्याला कुंडावर पिंड मांडले. दादा सांगत होते, मी करत होतो. जानकी, अमुक गोत्राची. कावळा येईना. घाटावरची सगळी माणसं आमच्याकडे बघतायत. दादांनी मान वर केली आणि विचारलं, आपण कुठल्याही यजमानाला विचारतो तसंच, "तिची काही इच्छा राहिली आहे का?"

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, तुम्हाला ठाऊक आहे."

दादा पाण्याकडे वळले. मग दर्भ हातात घेऊन म्हणाले, "नेईल हो तुला हा. समुद्रावर नेईल. मी सांगतो, थोरला भावोजी." वेणू, जन्मभर तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोललात. त्या दिवशी ते पहिल्यांदा सरळ तुझ्याशी बोलले. कावळा आला, पण त्याचं मला काही विशेष नाही, घाटावर कावळे येतातच. दादांचा आवाज फाटला होता, त्याचं मात्र आहे.

निघायच्या दिवशी तांब्याच्या तोंडाला फडकं दादांनीच बांधलं. म्हणाले, "लोकांनी विचारलं तर सांगेन, यजमानाचं शेवटचं सांगणं होतं, आपण कोण मोडणार." वहिनींनी मेतकुटाची पुडी बांधून दिली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. कुसुमने तांब्याला हात लावला.

काल संध्याकाळी इथे उतरलो तर रुस्तमजी काठी टेकत पुढे आले. म्हातारे झालेत आता. मला लगेच ओळखलं. माझ्या मागे बघत म्हणाले, "आणि बाई? वेणूबाई नाय आली?" मी तांब्या दाखवला. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. मग शिडी आणायला स्वतः गेले.

आज सकाळी गडी चहा घेऊन आला. दुसराच आहे, तरुण. ट्रेमध्ये दोन कप. म्हटलं, दोन कशाला? म्हणाला, रुस्तमजींनी सांगितलंय. मी एक प्यालो. दुसरा थंड होईपर्यंत तसाच ठेवला. माझ्या आयुष्यात मी तुला चहा करून दिला नाही, वेणू. आणून तरी द्यायचा होता एकदा.

ओहोटी होती तोवर मी लिहीत बसलो. म्हटलं, पाणी गेलेलं असताना तुला सोडायचं नाही, नाहीतर तुला वाटेल आटलं. आता पाणी पायरीकडे यायला लागलं आहे. मी उठतो.

जाऊन आलो. अंगावरचं धोतर अजून ओलं आहे, तसंच लिहितो, नाहीतर राहून जाईल.

कंबरभर पाण्यात उभा राहिलो. फडकं सोडलं. हजार माणसांना मी हे सांगितलं आहे, आता हे म्हणा, आता ते सोडा, मागे बघू नका. मला सांगायला कुणी नव्हतं. आधी मी हो म्हणालो. मोठ्याने म्हणालो, लाट आली तिच्यावर आवाज चढवून, हो. मग हात उलटा केला. तू माझ्या बोटांना थोडीशी चिकटून राहिलीस, मग तेवढीही गेलीस. समुद्र आपला पुढे आला, आलेल्या माणसाजवळ कुणी यावं तसा, आणि त्याच्या वतीने मीच विचारलं. सवयच ती. गाव कोणतं? नाव काय?

"वेणू," मी म्हणालो. "नाशिकची. पाहुणी आली आहे. हिला काही काम सांगू नका."